जुनं चावीचं मँटल घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलावर किंवा फळीवर ठेवायचं, चावीवर चालणारं, टोले देणारं जुनं घड्याळ हातात आलं की सगळ्यांना साधारण त्याच शंका येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहितोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं त्या अंगाने वाचाल: आतल्या मशीनची सेवा पूर्ण करा, अगदी शेवटच्या भोकापर्यंत, पण बाहेरची पेटी, तबकडी आणि काटे यांना जितका कमी हात लागेल तितकं बरं. लोक नेमकं उलट करतात, बाहेरून चकाचक पॉलिश आणि आत जुनं तेल तसंच.

मँटल घड्याळ म्हणजे नेमकं कोणतं?

शेकोटीच्या वर जी फळी असते तिच्यावर ठेवायला बनवलेलं घड्याळ. भिंतीवर टांगायचं नाही, त्यामुळे खाली वजनं सोडायला जागा नाही, सगळी ताकद स्प्रिंगची. बहुतेक घड्याळं एकदा चावी दिली की ८ दिवस चालतात. तबकडीवर चावीची भोकं मोजा: एक असेल तर फक्त वेळ, दोन असतील तर वेळ आणि टोले, तीन असतील तर दर पाव तासाला धूनसुद्धा. दोनमध्ये बहुतेकदा उजवं भोक वेळेचं आणि डावं टोल्यांचं. तीनवाल्यात मधलं वेळेचं, आणि धून बरेचदा ती वेस्टमिन्स्टरची, जी सगळे बिग बेनची समजतात पण मुळात ती १७९३ साली केंब्रिजच्या सेंट मेरी चर्चच्या घड्याळासाठी केलेली आहे.

घरातले सांगतात की कुणीतरी जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं. खरंय का?

नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की चांगली घड्याळं वर्षानुवर्षं नुसती पडून राहतात. स्प्रिंग पूर्ण गुंडाळली जाणं हे तिचं काम आहे, चावी थांबेपर्यंत द्यायची असते, फक्त शेवटी जोर लावायचा नाही. मग बंद का पडतं? आतलं तेल वाळून चिकट डिंकासारखं होतं, चाकांच्या दांड्यांची टोकं पत्र्याच्या ज्या भोकांत फिरतात तिथे घर्षण वाढतं, स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, आणि एक दिवस स्प्रिंगची ताकद कमी पडते. त्या दिवशी कुणीतरी चावी देऊन बघतो, चावी फिरत नाही कारण स्प्रिंग आधीच भरलेली असते, आणि दोष त्या माणसावर येतो.

म्हणून बंद घड्याळ मिळालं की आणखी चावी देऊ नका, लंबक ढकलत बसू नका, तेलाचा डबा तर आणूच नका. आधी मागचं दार उघडा, टॉर्च घ्या आणि नीट बघा.

किती जुनं आहे, कुठलं आहे, कसं ओळखायचं?

उत्तर बहुतेक वेळा मशीनच्या मागच्या पितळी पत्र्यावर असतं. जर्मन युंगहान्सचा तारा, हॅम्बुर्ग अमेरिकन कंपनीचे एकमेकांना छेदणारे दोन बाण, फ्रेंच जापी फ्रेर किंवा सॅम्युएल मार्तीचा गोल शिक्का, या खुणा एकदा डोळ्यात बसल्या की लांबूनही कळतात. तबकडीवरचं नाव बरेचदा विकणाऱ्या दुकानाचं असतं, बनवणाऱ्याचं नाही, त्यामुळे तेवढ्यावर जाऊ नका.

फ्रेंच शिक्क्यात साल असतं आणि तिथेच लोक फसतात. ते साल घड्याळाचं नसून प्रदर्शनात मिळालेल्या मेडलचं आहे. जापीच्या शिक्क्यावर १८५५ असेल तर एवढंच सिद्ध होतं की घड्याळ १८५५ च्या आधीचं नाही, प्रत्यक्षात ते तीस-चाळीस वर्षं नंतरचं असू शकतं.

अमेरिकन सेथ थॉमसच्या घड्याळांचा प्रकार मला फार आवडतो. पेटीच्या तळाला किंवा पाठीला शाईचा शिक्का असतो, त्यात साल उलटं लिहिलेलं आणि पुढे महिन्याचं इंग्रजी अक्षर, म्हणजे ‘९८८१ डी’ असं दिसलं तर साल १८८९ आणि चौथं अक्षर म्हणजे एप्रिल. तळ पुसायच्या आधी हे बघा, कारण ओल्या फडक्याने ही शाई जाते आणि एकदा गेली की घड्याळाचा जन्मदाखलाच गेला.

आणखी एक खूण. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, त्यामुळे ‘जर्मनी’ किंवा ‘फ्रान्स’ असं छापलेलं दिसलं तर घड्याळ बहुधा त्यानंतरचं समजायला हरकत नाही.

लंबक हरवलाय. आता कुठला लावू?

फ्रेंच घड्याळ असेल तर मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला सिरियल नंबर सोडून आणखी दोन छोटे आकडे कोरलेले असतात, समजा ५ आणि ३. ही लंबकाची लांबी आहे, जुन्या फ्रेंच इंचात आणि ओळींत, ५ इंच ३ ओळी. तो इंच साधारण २७ मिमीचा आणि एका इंचात १२ ओळी, म्हणजे हा लंबक सुमारे १४२ मिमीचा. बनवणाऱ्याने शंभर वर्षांनंतरच्या माणसासाठीच हे लिहून ठेवलंय असं वाटतं. आणि लंबक सापडला तर गोळ्याच्या मागे बघा, बरेचदा मशीनचाच नंबर त्यावरही ठोकलेला असतो, जुळला तर जोडी मूळची.

बाकी घड्याळांत लांबी चालवून बघूनच ठरवावी लागते. लांब लंबक हळू, आखूड लंबक जलद, गोळा किती जड याने वेळेत जवळपास फरक पडत नाही.

चालू करतो, पाच-दहा मिनिटं चालतं आणि थांबतं. काय झालं असेल?

बऱ्याच वेळा काहीही बिघडलेलं नसतं, फक्त बीट, म्हणजे टिक-टॉकचा सारखा ताल, गेलेला असतो. खोलीतला पंखा-टीव्ही बंद करा, डोळे मिटा आणि ऐका. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर एकसारखं पाहिजे. ‘टिक-टॉक… टिक-टॉक…’ असं लंगडतंय असं वाटलं तर एका बाजूला लंबकाला जास्त लांब जावं लागतंय, आणि तेवढा जोर संपला की तो थांबणारच.

खात्री करायची असेल तर घड्याळाच्या एका बाजूखाली कागदाची घडी सरकवा आणि ऐकत रहा, एका उंचीला आवाज सारखा होईल आणि घड्याळ चालत राहील. म्हणजे निदान झालं, पण असं तिरकं कायम ठेवू नका. लंबकाच्या दांडीला ढकलणारी जी बारीक तार मागे लोंबते ती अगदी कणभर एका बाजूला वाकवायची, घड्याळ सपाट ठेवून ऐकायचं, जास्त बिघडलं तर उलट बाजूला. फ्रेंच गोल मशीन पुढची कड आणि मागचं दार यांच्यामध्ये आवळलेलं असतं, तिथे मागचे दोन स्क्रू थोडे सैल करून सगळं मशीनच किंचित फिरवता येतं. या कामाला घाई करू नका, कान तयार व्हायला वेळ लागतो आणि एकदा झाला की शेजारच्या खोलीतूनही बीट कळतो.

बीट बरोबर असूनही थांबत असेल तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासतात का बघा, लंबक मागच्या दाराला टेकतोय का बघा, ज्या पातळ पट्टीवर लंबक लटकतो ती पिळलीये का बघा. यातलं काहीच नसेल तर मशीन घाण आहे किंवा झिजलंय.

मशीन स्वतः उघडू का?

इथे मी स्पष्ट बोलतो. मँटल घड्याळाची मेनस्प्रिंग भरलेली असताना दोन पत्र्यांमधला एक जरी नट सैल केला तरी ती ताकद एका क्षणात सुटते, चाकांचे दात तुटतात, टोकं वाकतात आणि बोटं फाटतात. दोन भोकांचं घड्याळ असेल तर दोन स्प्रिंगा, आणि एक उतरली म्हणून दुसरी उतरली असं नसतं.

स्प्रिंग उतरवायची म्हणजे चावीच्या दांड्यावर गोल गुळगुळीत मुठीचं हत्यार घट्ट धरायचं, रॅचेटच्या, म्हणजे चावीच्या दांड्यावरच्या दातेरी चाकाच्या, दातात अडकलेली क्लिक (स्प्रिंग उलटी फिरू न देणारी खिट्टी) उचलायची आणि मूठ तळहातात हळूहळू घसरू द्यायची, शेवटपर्यंत. नेहमीची पंखवाली चावी याला वापरू नका, हातातून सुटली की पंख बोटांवर आपटत फिरतो. फ्रेंच आणि बऱ्याच जर्मन मशीनमध्ये स्प्रिंग पितळी डबीत बंद असते, ते त्यातल्या त्यात बरं. अमेरिकन मशीनमध्ये ती बहुतेकदा उघडी असते, त्यामुळे आधी पूर्ण चावी देऊन स्प्रिंगभोवती मजबूत तारेची कडी अडकवायची आणि मग त्या कडीत ती सैल होऊ द्यायची. चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर चांगलंच आहे, जाणकार कारागिराकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही. शिकायचंच असेल तर सुरुवात एका भोकाच्या साध्या घड्याळावर करा, आजोबांच्या घड्याळावर नको. तीन भोकांचं धूनवालं तर मी कुणालाच पहिल्यांदा उघडायला सांगणार नाही.

थोडं तेल सोडलं तर चालत नाही का? डब्ल्यूडी-४० मारला तर?

डब्ल्यूडी-४० अजिबात नको. घड्याळ दोन दिवस छान चालतं म्हणून माणूस खुश होतो, पण झालेलं एवढंच असतं की जुनी घाण पातळ होऊन टोकांच्या भोकात शिरली, आणि आतलं पातळ द्रव्य उडून गेलं की मागे चिकट थर उरतो. रॉकेलमध्ये बुडवून काढायची जुनी पद्धतही तशीच, वरून स्वच्छ दिसतं पण झीज तिथेच राहते.

घाणीवर नवीन तेल घातलं तर धूळ, पितळाचा कीस आणि तेल मिळून पॉलिशची पेस्ट तयार होते, तीच भोकं खाते. चाकाच्या टोकाभोवती काळं-हिरवं तेल दिसतंय म्हणजे आत खाणं चालू आहे असं समजा.

तेल द्यायचं ते साफ केल्यावर, घड्याळासाठीचंच, सुईच्या टोकाएवढं, प्रत्येक टोकाच्या भोवती जो छोटा खळगा असतो त्यात. खळगा अर्धा भरला की बस. पॅलेटला, म्हणजे लंबकाबरोबर हलून चाकाचा एकेक दात सोडणाऱ्या तुकड्याला, अगदी किंचित, स्प्रिंगला थोडं. चाकांच्या दातांना तेल नाही म्हणजे नाही, तिथे धूळच बसते.

मशीन नीट साफ करायचं म्हणजे काय काय करायचं?

पूर्ण सुटं करायचं, याला शॉर्टकट नाही. उघडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, मग प्रत्येक पायरीला आणखी एक. वेळेची चाकं आणि टोल्यांची चाकं वेगवेगळ्या डब्यात, स्प्रिंगासुद्धा अदलाबदल होऊ देऊ नका.

पितळेचे भाग घड्याळाच्या क्लिनिंग सोल्युशनमध्ये, पण ठरलेल्या वेळेपुरतेच, कारण बऱ्याच सोल्युशनमध्ये अमोनिया असतो आणि जास्त वेळ ठेवलं तर ताण असलेल्या पितळेला तडे जातात. मग धुवून लगेच आणि पूर्ण वाळवायचं, स्टीलवर पाण्याचा एक थेंब राहिला तरी गंज. त्यानंतर खरं काम: टोकदार लाकडी काडी प्रत्येक भोकात फिरवायची, काढायची, टोक काळं झालं की छिलायचं, पुन्हा घालायची, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. बराच वेळ जातो यात आणि हाच भाग टाळला जातो, म्हणूनच नुसती बुडवून चकचकीत केलेली मशीन पुन्हा बंद पडतात.

काही फ्रेंच घड्याळांत एस्केपमेंट, म्हणजे टिक-टॉक करणारा भाग, तबकडीच्या समोर दिसते, तिच्या पॅलेटमध्ये दोन लालसर अर्धगोल खडे असतात. ते लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे तो भाग स्पिरिटमध्ये टाकू नका.

झीज किती झालीये ते कसं कळतं?

उघडायच्या आधीच बघायचं, थोडी चावी असताना मोठं चाक बोटाने पुढे-मागे ढकला आणि टोकांकडे बघा. टोक भोकात जागच्या जागी फिरलं पाहिजे, ते बाजूला उडी मारत असेल तर भोक लंबगोल झालंय. चाकं एकमेकांपासून लांब जातात, दात नीट बसत नाहीत, ताकद वाया जाते. उपाय म्हणजे बुशिंग, भोक मोठं करून त्यात पितळेची नवी नळी बसवायची, आणि नवं भोक मूळच्या मध्यावरच आलं पाहिजे. हे हत्याराचं आणि सरावाचं काम आहे.

जुन्या मशीनवर भोकाभोवती ठोकलेले ठिपके दिसतात, कुणीतरी पितळ चेपून भोक लहान करायचा प्रयत्न केलेला असतो. तो उपाय टिकत नाही, तुम्ही करू नका. क्लिक आणि तिची स्प्रिंगसुद्धा प्रत्येक वेळी तपासा, रिव्हेट सैल झाली असेल तर चावी देताना क्लिक सुटून चावी उलटी फिरते आणि हाताला जबर लागतं.

लाकडी पेटी काळी पडलीये. घासून नवीन पॉलिश करू?

नको हो. ती काळपट छटा हे त्या घड्याळाचं वय आहे. आधी मऊ कोरडा ब्रश, मग जेमतेम ओलसर फडकं, मग थोडं मेण, इथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात बघा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. जुनं पॉलिश लाखेचं असेल तर स्पिरिट लागताच मऊ होतं, म्हणून कुठलंही द्रव्य आधी तळाला न दिसणाऱ्या जागी लावून बघा. सुटलेली पट्टी सरसाने चिकटवा, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने नको, सरस उद्या गरम करून सोडवता येतो.

काळी, संगमरवरासारखी दिसणारी हलकी पेटी असेल तर ती दगडाची नसून लाकडावर सेल्युलॉइड चढवलेली असू शकते, सेथ थॉमसने १८८० च्या दशकात ‘अ‍ॅडमंटाइन’ नावाने अशी भरपूर बनवली. तिला नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन लागलं तर पृष्ठभाग विरघळतो, आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्यामुळे जवळ मेणबत्ती, हीट गन काही नको. खरी दगडी फ्रेंच पेटी उचलतानाच कळते, एकट्याने उचलू नका.

सोनेरी मुलामा असेल तर ब्रासो विसरा. मुलामा केसापेक्षाही पातळ असतो, दोनदा घासलं की खालचं पितळ दिसतं आणि ते परत आणता येत नाही.

तबकडीवर डाग आहेत, काटे गंजलेत, त्यांचं काय?

तबकडीला शक्यतो हात लावू नका. कागदी असेल तर पाणी नाही. चांदीसारख्या पांढऱ्या धातूच्या तबकडीला धातूचं पॉलिश लावलं तर आकडे राहतात आणि चांदी जाते. चिनीमातीच्या मुलाम्याची असेल तर मऊ ओल्या फडक्याने पुसता येते, केसासारखे तडे असले तरी ते राहू द्या. निळे काटे रंगवलेले नसतात, स्टील सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवून आलेला तो रंग आहे, सँडपेपर लावला तर निळाई गेली.

पाच वाजता आठ टोले पडतात. कसं जुळवू?

आधी मशीन कुठल्या जातीचं ते बघा. जुन्या पद्धतीत एक खाचांचं चाक असतं, खाचांमधलं अंतर वाढत जातं आणि त्यावर टोले मोजले जातात. या चाकाला काट्यांशी काही देणंघेणं नसतं, ते फक्त मागच्या आकड्यानंतर पुढचा आकडा वाजवतं, म्हणून एकदा चुकलं की चुकतच राहतं. मिनिटकाटा बारावरून किंचित पुढे नेला की टोले पडतात, मग तो मागे साधारण पावणेच्या पुढे आणून पुन्हा बारावर न्यायचा, दर वेळी पुढचा तास वाजेल, बरोबर आकडा येईपर्यंत.

दुसऱ्या पद्धतीत गोगलगायीच्या आकाराची पायऱ्यांची चकती तासकाट्याबरोबर फिरते, टोले किती ते तीच ठरवते, त्यामुळे ते सहसा चुकत नाहीत. तरीही चुकले तर बहुतेकदा तासकाटाच सरकलेला असतो, तो नुसता घट्ट बसवलेला असतो, हळूच योग्य तासावर फिरवा. ही पद्धत १६७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एडवर्ड बार्लो यांनी काढली आणि आजही तशीच चालते, मला याचं दर वेळी नवल वाटतं.

काटे पुढे नेताना प्रत्येक तासाला आणि अर्ध्याला थांबा, टोले पूर्ण पडू द्या. मागे फिरवताना अडकलं तर जबरदस्ती नको.

रोज दोन मिनिटं मागे पडतं.

गोळ्याखालचा नट वर चढवा, लंबक आखूड होतो, घड्याळ जलद. फ्रेंच आणि बऱ्याच इतर घड्याळांत बाराच्या आकड्यापाशी एक छोटं चौकोनी टोक असतं, चावीची बारीक बाजू त्यासाठीच असते. थोडं फिरवा आणि पूर्ण दिवस थांबा, तासातासाला फिरवत बसलात तर कधीच जुळणार नाही. आठवड्याला मिनिटभर फरक राहिला तर घड्याळ उत्तम आहे. स्टीलच्या दांडीचा लंबक १० अंश जास्त तापमानात दिवसाला साधारण ५ सेकंद मागे पडतो, तेवढं त्याला असू द्या.

दुसऱ्या खोलीत हलवायचंय.

लंबक काढा, मगच उचला. नाहीतर पातळ पट्टी पिळते किंवा तुटते. नवीन जागी बीट पुन्हा ऐका.

पार्ट बदलले तर त्याची किंमत राहते का?

झिजलेला पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती, आणि घड्याळ चालावं म्हणूनच बनवलंय. पण काढलेला प्रत्येक जुना तुकडा लेबल लावून घड्याळाबरोबरच ठेवा. मशीनचं सगळं काढून बॅटरीवरचं क्वार्ट्झ बसवणं मात्र मला बघवत नाही.

पत्र्याच्या आतल्या बाजूला भिंगाने बघा. जुने कारागीर काम झाल्यावर सुईने नाव आणि तारीख ओरखडून ठेवायचे, कधी स्प्रिंगवरसुद्धा, आणि एकाच घड्याळावर वेगवेगळ्या हातांची दोन-तीन अक्षरं सापडतात. कुणीतरी आपल्याआधी हेच चाक हातात धरलं होतं, हेच भोक साफ केलं होतं. ती अक्षरं घासू नका. तुम्ही मात्र पत्र्यावर ओरखडू नका, तारीख आणि केलेलं काम चिठ्ठीवर लिहून पेटीत आतल्या बाजूला ठेवा.

रात्री टोल्यांनी झोपमोड होते. टोल्यांची चावीच दिली नाही तर?

खाचांच्या चाकाचं असेल तर खुशाल नका देऊ, वेळ चालू राहील, नंतर टोले जुळवून घ्यायचे एवढंच. गोगलगाय चकतीचं असेल तर जपून, टोल्यांची बाजू संपलेली असली की बारा ते एकच्या मध्ये चकतीच्या मोठ्या पायरीत कधीकधी दांडा अडकतो आणि पूर्ण घड्याळच थांबतं. त्यात दोन्ही चाव्या देत राहणं बरं.

पण आधी हातोडी बघा. घंटेवर आपटणाऱ्या टोकाला चामड्याचा तुकडा असतो, तो वाळून कडक झाला की आवाज टणटणीत आणि कर्कश येतो. नवीन मऊ चामडं लावा, आणि हातोडी विश्रांतीला घंटेपासून किंचित दूर राहील इतकी तिची तार वाकवा, म्हणजे टोला मारून ती लगेच मागे येईल आणि घंटा मोकळी घुमेल. दिवसाला नुसत्या तासांचेच १५६ टोले पडतात, अर्ध्या तासाचा एकेक धरला तर १८०, तेव्हा हा आवाज गोड करण्यात घालवलेली संध्याकाळ वाया जात नाही, आणि बरेच जण त्यानंतर रात्रीचे टोले बंद करायचा विचारच सोडून देतात.